बसून झोपणारी मुलगी

बारामती,
१२ जुलै १९५४

चि. रतन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लासुर्ण्याजवळच्या वाडीवर बदली झाल्याचं आत्याकडून कळलं. एकटीच शिक्षिका आणि चार इयत्ता, म्हणजे घसा बसत असेल. पण तू हात टेकणाऱ्यांतली नाहीस.

आज पत्र लिहितोय ते कामाचं आहे. पुण्याचे एक प्रकाशक, आप्पासाहेब म्हणून, मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढत आहेत. नाव 'आळसाचे फळ'. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली पद्याच्या दोन ओळी. ते शाळांतून वाटायचं घाटत आहे. चित्रं त्यांनी माझ्याकडे दिली आहेत. इतकी वर्षं मी इथं पोरांना तांब्या आणि केळीचा घड काढायला शिकवतोय. आता कुठं काहीतरी छापून येईल.

अडचण अशी की मला आळस काढता येत नाही. मी आळशी मुलगा काढायला जातो आणि तो नुसता झोपलेला दिसतो. झोपलेल्या पोराची माया येते, राग येत नाही. राग आला नाही तर पुस्तक काय उपयोगाचं?

सांगवीला, तुझ्या आजोळी, तात्यांच्या फडताळात एक जुनं चित्रांचं पुस्तक होतं, तेच दाखवून ते आपल्याला धाक घालायचे. त्यांच्या मागं ती पुस्तकं तू नेलीस. ते असेल तर पाठव. आणि तुझ्या वर्गात एखादं अस्सल आळशी पोर असेल तर त्याचं वर्णन नीट लिहून कळव. कसं बसतं, हात कुठं असतात, सगळं. तुझी नजर बारीक आहे.

तुझा,
हिंदुदादा


लासुर्णे,
२९ जुलै १९५४

ती. स्व. हिंदुदादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुस्तक सापडलं, पण पाठवण्यासारखं राहिलेलं नाही. वेष्टण आणि मागची पानं वाळवीनं खाल्ली. जी उरली त्यांतलं सांगते. एक माणूस जांभळीखाली आ करून पडला आहे आणि तोंडात मुंग्या शिरताहेत. एका बाईची चूल गार आहे आणि दारात नवरा काठी घेऊन उभा आहे. एक गुबगुबीत पोरगा पहिल्या चित्रात लोळतो आणि शेवटच्या चित्रात देवळाबाहेर वाडगा घेऊन बसतो. त्याच्या समोरून त्याचा उद्योगी भाऊ घोड्यावरून चालला आहे, तो खाली बघतसुद्धा नाही. लहानपणी मला या घोड्यावरच्या भावाची फार भीती वाटायची.

काम चुकवलं की तात्या हे पान उघडून आपल्यासमोर ठेवायचे आणि त्या दिवशी आपलं ताट वाढलं जायचं नाही. तुम्ही त्यावर रडायचात. मी रडले नाही, पण मला वाटतं मी त्यानंच घडले. नवरा गेल्यावर माहेरच्या कोपऱ्यात बसून न राहता ट्रेनिंगला गेले, ते त्या पानाच्या धाकानं.

आता तुमचं आळशी पोर. माझ्याकडे आहे. नाव नकोशी. तीन पोरींवर चौथी झाली म्हणून बापानं हे नाव ठेवलं. बाप म्हस्कू. या लोकांची पूर्वी मेंढरं होती. आता ती विकून कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची करतात आणि बारामतीच्या बाजारात नेतात. घरातलं झाडून सारं राबतं. ही एकटी तेवढी बसून असते.

वर्गात ही दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसते आणि बसल्या बसल्या झोपते. आडवी होत नाही, कधीच नाही. एक हात छातीवर असतो. मान पुढं काढून, तोंड अर्धवट उघडं, जणू कुणाचं बोलणं ऐकतेय. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. पाय मात्र चांगले फुगीर, लाडात वाढलेल्या पोरीसारखे. गेल्या वर्षी तापात केस कापले ते आखूडच आहेत. डाव्या भुवईत खोक आहे, त्यामुळे भुवई दोन तुकड्यांची दिसते. विहिरीवर पाट्या धुवायला पाठवली तर वाटेत दगडावर बसते. पोरं पळतात, ही बघते. हाक मारली की हसते, उठते, चार पावलं चालते आणि पुन्हा टेकते. हसण्याचाच मला जास्त राग येतो.

अशी आळशी मुलगी मी अजून पाहिली नव्हती. काढा तिला.

आपली,
रतन


बारामती,
२० सप्टेंबर १९५४

चि. रतन हिस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं माझं काम केलं. ते पुढ्यात ठेवून मी पेन्सिल धरली आणि मुलगी आपोआप कागदावर आली. भिंत काढली, दार काढलं, दाराबाहेर ज्वारीचं रान आणि त्यात शिरलेल्या शेळ्या. इतर चित्रं बरी आहेत, पण हे बघून आप्पासाहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, असा आळस मी कागदावर पाहिला नाही. पुस्तकाच्या तोंडाशी तेच घालणार आहेत. खाली त्यांनी स्वतः ओळी केल्या आहेत:

काम टाकुनी निजे कुमारी, भिंत तियेला प्यारी ।
शेळ्या खाती रान सगळे, रडेल ती दारोदारी ॥

पद्य काही खास नाही, पण मुलांच्या तोंडी बसेल.

मुलीच्या घरच्यांना वाईट वाटेल अशी काळजी करू नको. चेहरा मी बदलला आहे.

तुझा,
हिंदुदादा


लासुर्णे,
८ नोव्हेंबर १९५४

ती. स्व. हिंदुदादांस,
शि. सा. नमस्कार.

चेहरा बदललात हे बरं केलंत. पुस्तकाची मी वाट बघते आहे.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि नकोशी आली नाही. म्हणून मी तिच्या वस्तीवर गेले. म्हस्कू वांग्याच्या वाफ्यात होता. त्याची बायको भामाबाई मिरच्या तोडत होती. नकोशी घराच्या भिंतीला टेकून बसलेली. मी पोरगी शाळेत का धाडली नाही म्हणून विचारलं. म्हस्कू म्हणाला, तेवढं चालायला तिला नको असतं, मग मी काय पाठीवर घालून आणू? भामाबाई मध्येच म्हणाली की पोरीला धाप लागते, रात्री ती उशाला धान्याचं पोतं घेऊन बसून राहते. त्यावर म्हस्कू तिच्यावरच घसरला. तिनंच लाडावून ठेवलीय, म्हणाला.

मग त्यानं मला विचारलं, "बाई, तुमी शिकल्यालं मान्स. ह्या पोरीचं काय करावं?"

मी त्याला सांगितलं की आळस अंगात मुरायच्या आत काढावा लागतो. आमच्या तात्यांची रीत सांगितली. काम नाही केलं तर ताट नाही. त्यानं ते मन लावून ऐकलं. भामाबाई मिरच्यांची पाटी उचलून आत गेली.

बाप समंजस आहे. पोरगी सुधारेल असं वाटतं.

आपली,
रतन


बारामती,
१९ जानेवारी १९५५

चि. रतन हिस,
आशीर्वाद.

पुस्तक निघालं. तुझ्या शाळेसाठी भेट म्हणून एक गठ्ठा एस.टी.नं पाठवतो आहे. लासुर्ण्याच्या फाट्यावर कंडक्टर देईल. आतल्या पानावर माझं नाव आहे. आत्यालाही एक प्रत दिली. तिनं चष्मा लावून सगळी चित्रं पाहिली आणि पहिल्याच चित्राशी थांबून म्हणाली, हे लेकरू कुणाचं? मी म्हटलं, पुस्तकातलं.

मुलांना कसं वाटलं ते कळव.

तुझा,
हिंदुदादा


लासुर्णे,
१४ फेब्रुवारी १९५५

हिंदुदादांस,
नमस्कार.

तुम्ही मला चेहरा बदलला म्हणून लिहिलं होतंत. गठ्ठा सोडला आणि पहिलंच पान उघडलं तर समोर नकोशी. आखूड केस, तुटकी भुवई, छातीवरचा हात. माझं पत्र तुम्ही जसंच्या तसं काढलंत.

मी गठ्ठा तेव्हाच बांधून ठेवायला हवा होता. पण पोरांनी बाहेरून पुस्तकं पाहिली होती आणि मलाही ती दाखवायची हौस होती, हे कबूल करते. क्षणात वर्गभर झालं, "नकुशी, नकुशी, तुझा फोटू छापलाय." चौथीतल्या एकानं खालचं पद्य मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांनी म्हटलं. मी गप्प बसवेपर्यंत ते त्यांचं पाठ झालं होतं.

नकोशी त्या दिवशी आली होती. दिवाळीपासून ती अधूनमधून येत असे, घरी काम असतं म्हणून. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. मी तिला जवळ जाऊन विचारलं, कळलं का ही मुलगी काय करतेय? तिला लाज वाटावी म्हणूनच विचारलं. ती म्हणाली, "बाई, ही दमलीया."

मी म्हटलं, दमली नाही, आळशी आहे. तिनं मान हलवली. मला उलट बोलली नाही, पण कबूलही केलं नाही.

आता वाडीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही. 'पुस्तकातली' म्हणतात. म्हस्कूला बाजारच्या वाटेवर माणसं अडवून पद्य म्हणून दाखवतात. त्यानं पोरीचं शाळेत येणं बंद केलं आणि तिला पिकाला पाणी द्यायला लावलं आहे. दिवसभर वाफ्यावाफ्यानं पाणी वळवायचं, फावडं ओढायचं. लोकांनी बघावं म्हणून रस्त्याकडेच्या रानात. काल येताना मी तिला पाहिलं. ती उभी होती. मला बघून तिनं फावडं उचललं.

हे सगळं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

रतन


बारामती,
२० फेब्रुवारी १९५५

चि. रतन,

हे पत्र टपालात न टाकता उद्याच्या पहिल्या गाडीनं लासुर्ण्याला जाणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे. वाचलंस की तशीच ऊठ आणि म्हस्कूच्या वस्तीवर जा. बाकीचं मागून वाच.

चेहऱ्याचं मी खोटं लिहिलं. मी भुवई पुसून पाहिली, केस लांब केले, हात खाली आणला. दर वेळी चित्र मेलं. शेवटी होतं तसं राहू दिलं आणि तुला बदललं म्हणून कळवलं. त्याबद्दल तू बोलशील ते कमीच आहे. पण आज ते बाजूला ठेव.

माझा शाळेपासूनचा मित्र मोहनराव आता डॉक्टर आहे. इथं दवाखाना चालवतो. आज सकाळी तो घरी आला. मी त्याला पुस्तक दाखवलं, कौतुक व्हावं म्हणून. त्यानं पहिलंच चित्र पाहिलं आणि पान उलटलंच नाही. विचारलं, ही मुलगी कुठली? मी म्हटलं, आळशी मुलगी आहे, कल्पनेतली. तो म्हणाला, "कल्पनेतून इतकं कुणाला सुचत नाही. ही आजारी आहे, हिंदुराव. हिला आडवं झोपलं की श्वास घेता येत नसणार."

मग मी तुझं जुलैचं पत्र काढून त्याला वाचायला दिलं. त्यानं विचारलं की ताप आला तेव्हा सांधे सुजले होते का. मला काय माहीत? तो म्हणाला, त्या तापानं हिचं हृदय बिघडलं असणार. ओठ जांभळे ते त्यानंच, पाय फुगलेत ती सूज आहे. तिला आधी कामातून काढा. मीठ बंद करा. तिला चालवू नका, उचलून न्या. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब दाखवा, नाहीतर माझ्याकडे आणा. आता पाणी धरायला लावलंय म्हटल्यावर त्यानं डोकं धरलं.

वाचेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आधी बसवा तिला.

हिंदुराव


इंदापूर,
५ मार्च १९५५

हिंदुदादांस,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी वर्गात होते. वर्ग तसाच सोडून गेले.

म्हस्कूचा विश्वास बसेना. तो म्हणाला, तुम्हीच आळशी म्हणालात, पुस्तकातही छापलंत, आता आजारी म्हणता? यातलं खरं कोणतं? मी त्याला पत्र वाचून दाखवलं. सांधे सुजले होते का, हे वाचलं तशी भामाबाई पुढं आली. सुजले होते. गुडघे मडक्याएवढे झाले होते, पोरगी रांगत होती. गावातल्या म्हातारीनं लेप लावला, सूज उतरली आणि सगळे विसरून गेले. भामाबाईनं जाऊन पोरीच्या हातातलं फावडं घेतलं. त्यानंतर नवऱ्याला काही विचारलं नाही. पण मिरचीचा तोडा निघायचा होता, बैलगाडी बाजाराला गेलेली होती, म्हस्कू आज-उद्या करत राहिला. गाडी मिळाली तोवर पोरीचं पोट आणि तोंडही सुजलं होतं.

फाट्यापर्यंत बैलगाडीनं, तिथून एस.टी.नं. नकोशी एस.टी.त पहिल्यांदाच बसत होती. ती खिडकीशी आईला टेकून बसली आणि ऊस कुणाकुणाचा आहे ते मला विचारत राहिली. मला माहीत नव्हतं, मी कुणाचीही नावं सांगितली.

दवाखान्यातले डॉक्टर चांगले होते. त्यांनी औषध सुरू केलं, लघवी होऊन सूज थोडी ओसरली, ती दूध प्याली. आम्हाला वाटलं, वेळेत आणलं. डॉक्टर मात्र म्हणाले की वर्षभर आधी यायला हवं होतं, तेव्हा नुसती विश्रांती दिली असती तरी पोरगी पुष्कळ दिवस राहिली असती. नुसती विश्रांती, दादा. भिंतीला टेकून बसायची, तेवढीच.

परवा दुपारी तिला धाप वाढली. भामाबाईनं तिला छातीशी उभी धरली होती. तिथंच गेली.

म्हस्कू बाहेर पायरीवर होता. मी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमी सांगितल्यावर म्या तिला सा-सात येळा उपाशी ठिवली."

तो रागानं नाही बोलला. राग असता तर बरं झालं असतं. तो माझं ऐकून वागला, मी तात्यांचं ऐकून वागले. तात्या असते तर त्यांनीही कुणाचं तरी नाव सांगितलं असतं.

क्रियाकर्म इथंच नदीवर झालं. मी उद्या वाडीवर परत जाते.

रतन


बारामती,
१७ एप्रिल १९५५

चि. रतन,

काय लिहावं ते सुचेना म्हणून इतके दिवस गेले.

मी पुण्याला जाऊन आलो. आप्पासाहेबांना सगळं सांगितलं आणि ते चित्र पुढच्या छपाईतून काढा म्हणून विनवलं. त्यांनी चहा पाजला, हळहळले. मग म्हणाले, मास्तर, मुलगी गेली ते वाईट झालं, पण वाचणाऱ्या मुलांना ते कुठं माहीत आहे? त्यांच्यापुरती ती आळशीच. सगळ्या शाळा त्याच चित्राची तारीफ करताहेत. दुसरी आवृत्ती मशीनवर चढली आहे. मी हात जोडले तसे ते म्हणाले की चित्राचा छपाईचा ब्लॉक त्यांच्या मालकीचा आहे.

म्हणजे ती आता हजारो घरांत तशीच बसून राहणार आणि पोरं तिच्याकडे बोट दाखवणार. मोहनरावानं मोठ्या माणसांसाठी एक कागद छापायचं सुचवलं, मूल सारखं दमत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, असा. मी चित्र काढून देईन म्हटलं. पण हात उचलत नाही. शाळेत फळ्यावर केळीचा घडसुद्धा काढवत नाही.

भामाबाई काही बोलते का? मी तिच्यासमोर येऊन उभा राहावं असं फार वाटतं, पण धीर होत नाही. मूळ चित्र माझ्यापाशी आहे. ते जाळून टाकावं असं म्हणतो.

हिंदुराव


लासुर्णे,
२० जून १९५५

ती. स्व. हिंदुदादांस,
शि. सा. नमस्कार.

जाळलं नसेल तर जाळू नका.

मी सगळी पुस्तकं उन्हाळ्यात कपाटात कुलूपबंद केली होती. शाळा उघडल्यावर एक दिवस मधल्या सुट्टीत भामाबाई आली. पोरगी गेल्यापासून आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. वांग्याचं, पावसाचं बोलली. म्हस्कू आता बाजाराला जात नाही, मधली मुलगी जाते, असं सांगितलं. मग म्हणाली, "बाई, माज्या पोरीचा फोटू न्हाय. तुमच्या पुस्तकात हाय तेवढाच. त्यो द्या."

मी कपाट उघडलं. पान काढून तिच्या हातात दिलं. ती चित्रावरून बोट फिरवत राहिली. भुवईवर थांबली. खाली काय लिहिलंय ते ती विचारील आणि मला काहीतरी खोटं वाचावं लागेल, म्हणून मी मनात जुळवाजुळव करू लागले. तिनं विचारलं नाही. पान माझ्याकडं परत केलं आणि म्हणाली, "अक्षरं तेवढी कापून द्या. मला ठावं हाय त्यात काय हाय त्ये."

मी कात्री घेतली आणि खालच्या ओळी कापल्या. त्या तुकड्याचं काय करावं ते मला कळेना, तसाच मुठीत धरून बसले. भामाबाईनं पान घडी न घालता पदराखाली घेतलं आणि उठली. दारापाशी जाऊन परत आली. तिनं विचारलं, ज्यानं हे काढलं तो माणूस अजून काढतो का?

मी म्हटलं, तो माझा मामेभाऊ आहे. काढत होता.

ती म्हणाली, त्यांना सांगा, पोरीला एकदा आडवी झोपलेली काढा. वाकळेवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. ताप यायच्या आधी ती तशी झोपायची. ती झोपलेली डोळ्यांपुढं आणायला गेलं की आता भिंतच येते, पहिलं काही येत नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही. तुम्हाला ते पेलेल का, मला माहीत नाही. मी तिला खरं तेच सांगितलं, की त्यानं तुझ्या नकोशीला कधी पाहिलेलंच नाही, मी लिहून धाडलं तेवढ्यावरून काढली. आता त्याला ती कशी दिसणार?

भामाबाई म्हणाली, "हितं येऊ द्या त्येन्ला. आता म्या सांगीन."

आपली,
रतन